वटला का?

आमच्या नानांची सगळी नोकरी सांगलीच्या एका सहकारी बँकेत झाली आणि त्यातली बावीस वर्षं चेक क्लिअरिंगच्या टेबलावर गेली. माणूस इतकी वर्षं एका टेबलावर बसला की शेवटी ते टेबलच माणसात येऊन बसतं. त्यामुळे कुठलीही चांगली बातमी ऐकली की नाना पहिल्यांदा विचारतात, "वटला का?" मला अमेरिकेत नोकरी लागल्याचं पत्र आलं, तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, खाली सही आहे ना याची खात्री केली आणि म्हणाले, "छान. पहिला पगार वटला की कळव." माझं लग्न ठरलं तेव्हाही तोच प्रश्न त्यांच्या ओठांवर आला होता. आईने डोळे वटारले म्हणून ते वटणं वटारण्यावर भागलं.

2007 च्या उन्हाळ्यात नाना आणि आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला आले होते. सकाळी ओक ट्री रोडवर एक चक्कर, दुपारी डुलकी, संध्याकाळी माझ्या येण्याची वाट बघणं, यापलीकडे त्यांना उद्योग नव्हता. मला मात्र एक उद्योग होता, आणि तो त्यांना मुळीच पसंत नव्हता. शनिवारी सकाळी लोकांच्या गराज सेलमध्ये हिंडायचं, जुन्यापान्या वस्तू चार-दोन डॉलरला उचलायच्या, पुसूनपासून फोटो काढायचे आणि इंटरनेटवर लिलावाला लावायच्या.

"म्हणजे जुना बाजार," नाना म्हणाले. "इतकं शिकून शेवटी जुना बाजार."

मी त्यांना या बाजाराचं कूळ सांगून पाहिलं. 1995 मध्ये लेबर डेच्या सुट्टीत पिएर ओमिद्यार नावाच्या तरुण प्रोग्रॅमरने लिलावाचं एक पान सुरू केलं, पुढे त्याचंच ईबे झालं. तिथे विकलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, किंमत 14 डॉलर 83 सेंट. ओमिद्यारने घेणाऱ्याला मुद्दाम विचारलं, "हा मोडका आहे हे कळलंय ना?" तर तो म्हणाला, "मी मोडकेच जमवतो." ही गोष्ट सांगितली की कुणीही हसतं. नाना हसले नाहीत. "मोडका घेऊ दे नाहीतर धड घेऊ दे," ते म्हणाले, "पैसे दिले ना? मग गिऱ्हाईक चांगलं."

त्या उन्हाळ्यात माझ्या हाती घबाड लागलं होतं. शेजारच्या मेटचनमध्ये एका घराच्या दारात चाळीस डॉलरला एक शिवणयंत्र मिळालं, सिंगर कंपनीचं फेदरवेट. 1933 मध्ये शिकागोच्या जत्रेत हे मॉडेल पहिल्यांदा लोकांसमोर आलं. वजन जेमतेम 11 पौंड, म्हणजे पाच किलो. काळंभोर अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, आणि सगळं एका छोट्या काळ्या पेटीत मावणारं. गोधड्या शिवणाऱ्या अमेरिकन बायका या यंत्रावर जीव टाकतात. आईने जन्मभर उषाचं मशीन चालवलेलं. तिने पेटी उघडली, कपाळावर आठी घालून यंत्राकडे बघितलं आणि मग दोन दिवस ते कुणाला हात लावू दिलं नाही. बॉबिनच्या डबीत साठलेला कापूस तिने टाचणीने ओढून काढला, तेल सोडलं, चाक पाच-पन्नास वेळा हाताने फिरवलं. शेवटी नानांचा एक जुना पंचा दुहेरी घडी करून तिने सरळ शिवण मारली. टाके मोत्यांसारखे पडले. त्या पंच्याचा फोटोसुद्धा मी लिलावात टाकला.

सात दिवसांचा लिलाव 30 ऑगस्टला, गुरुवारी रात्री नऊला संपायचा होता. आम्ही सगळे संगणकाभोवती. सहा दिवस रेंगाळलेली बोली शेवटच्या मिनिटात अशी उड्या मारू लागली की आईने माझं मनगट धरलं. 310 डॉलरला थांबली. आयोवातल्या एका बाईंनी घेतलं होतं. दहा मिनिटांत मेल आली, त्यांनी पैसे पाठवले होते. मी लगेच खोकं आणि चिकटपट्टी काढली. सकाळी ऑफिसला जाताना टपालात टाकून मोकळा.

नाना चष्मा लावून मेल वाचत होते. अनोळखी कागद ते नेहमी खालून वर वाचतात.

"थांब," ते म्हणाले. "हे खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय? ई-चेक. 6 सप्टेंबरपर्यंत वटणे अपेक्षित." त्यांनी चष्मा काढला. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर कामावर रुजू झाल्याचं समाधान दिसलं. "म्हणजे वटलेला नाही."

ई-चेक हे प्रकरण ज्यांच्या वाट्याला आलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अमेरिकेत ऑनलाइन पैसे देताना कार्ड वापरलं की काम तिथल्या तिथे होतं. गिऱ्हाइकाने थेट बँकेच्या खात्यातून दिले आणि त्या खात्यामागे तारण म्हणून एखादं कार्ड जोडलेलं असलं, तरी मधली कंपनी विक्रेत्याला लगेच पैसे देते. खात्यात खडखडाट निघाला तर ती कार्डाकडून वसूल करते. पण कार्डच नसेल, तर मधली कंपनी म्हणते की आधी बँकेकडून येऊ देत, मग देते. त्या 'येऊ देत'चं नाव ई-चेक. कागद नाही, सही नाही, फाडायला चेकबुक नाही. गिऱ्हाईक एक बटण दाबतं आणि त्याच्या दृष्टीने व्यवहार पुरा होतो. ते निश्चिंत झोपतं. इकडे विक्रेता जागा.

"चेक कसला हा," नाना म्हणाले, "ही उधारी आहे. रोखीचे कपडे घालून आलेली."

आमच्या सांगलीच्या किराणा दुकानात 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी होती आणि तिच्याखाली बसूनच दुकानदार उधारीची वही लिहायचा. पण त्या उधारीत एक गोष्ट बरी होती. घेणारा समोर होता, त्याचं घर माहीत होतं, आणि तो संध्याकाळी त्याच रस्त्याने परतणार होता. आयोवा एडिसनपासून हजार मैलांवर.

खरं म्हणजे मला हे कळायला हवं होतं, कारण आधी एकदा तोंड पोळलं होतं. नवशिका असताना पायरेक्सचे चार रंगीत वाडगे बावीस डॉलरला गेले होते. 'आपणास पैसे पाठवले आहेत' एवढं वाचून मी ते त्याच दुपारी रवाना केले. पाचव्या दिवशी चेक परत आला. वाडगे तोवर टेनेसीत पोचून बहुधा कुणाच्या तरी कोशिंबिरीत रमले होते. मी दोन-तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. उधारीचं पोतं सव्वा हात रितं म्हणतात, माझं तर पोतंसुद्धा परत आलं नाही. ही गोष्ट मी नानांना कधी सांगितली नव्हती. त्या रात्री सांगितली. ते काही बोलले नाहीत, फक्त चिकटपट्टी उचलून कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून नानांनी ताबा घेतला. संध्याकाळी मी दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच प्रश्न यायचा, "वटला का?"

"नाना, शुक्रवार झाला फक्त."

"मग उद्या?"

"उद्या शनिवार. बँकेचा दिवस धरत नाहीत."

"सोमवारी?"

"सोमवारी लेबर डे. सुट्टी."

"कामगार दिन? सप्टेंबरात?" नाना उठून बसले. त्यांचं खरं होतं. ज्या शिकागोतल्या 1886 च्या आंदोलनामुळे बहुतेक जग 1 मेला कामगार दिन पाळतं, त्या शिकागोच्या देशात तो सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येतो. आयुष्यभर 1 मेच्या सुट्टीला कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन असा दुहेरी मान देत आलेल्या नानांना हा अन्याय वाटला. पण त्याहून मोठा अन्याय असा की ज्या लेबर डेच्या सुट्टीत ईबेचा जन्म झाला, त्याच सुट्टीने आमचा चेक एक दिवस पुढे ढकलला.

त्या चार सुट्ट्या-बिनसुट्ट्यांच्या दिवसांत नानांनी मला अमेरिकेतलं क्लिअरिंग शिकायला लावलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "इथे पोतं कोण नेतं?" त्यांच्या वेळी सकाळी सगळ्या शाखांचे चेक बँकवार गठ्ठे करून कापडी पिशवीत जायचे, शिपाई सायकलवरून स्टेट बँकेत न्यायचा, तिथे सगळ्या बँकांचे कारकून एकमेकांचे गठ्ठे बदलून घ्यायचे आणि दुपारी परतीचे चेक मेमो लावून यायचे. मी शोधून सांगितलं की इथे कागदी चेकची पोती रात्रीच्या विमानांनी जायची. सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर देशभरची विमानं जमिनीवर उतरवली, तेव्हा चेकही अडकून पडले. मग 2003 मध्ये कायदा झाला आणि 28 ऑक्टोबर 2004 पासून मूळ कागदाऐवजी त्याच्या प्रतिमेवरून उतरवलेली प्रत चालू लागली.

"म्हणजे कागदाचं चित्र झालं आणि त्याला पंख फुटले," नाना म्हणाले. "मग हा तुझा ई-चेक तर जन्मतःच बिनकागदाचा. तो का रांगतोय?"

याचं उत्तर मिळवायला मला दोन रात्री लागल्या. ई-चेक ज्या वाटेने जातो तिला एसीएच म्हणतात. बँकांनी 1972 मध्ये कॅलिफोर्नियात ती सुरू केली, 1974 मध्ये तिचे देशभरचे नियम ठरवणारी संस्था निघाली. त्या काळी डोळ्यांसमोर होते पगार, पेन्शन, विम्याचे हप्ते. महिन्याच्या महिन्याला, ठरलेल्या तारखेला, ओळखीच्याकडून ओळखीच्याकडे जाणारे पैसे. अशा पैशांना घाई नसते. म्हणून बँका दिवसभराच्या नोंदी साठवतात, गठ्ठ्याने पाठवतात, समोरची बँक त्या उलगडते, आणि खात्यात पैसे नसतील तर परत पाठवायला तिला दोन बँक-दिवसांची मुभा असते. या यंत्रणेत 'पैसे आले' असा निरोप येतच नाही. फक्त 'परत आले नाहीत' एवढंच कळतं. तेवढा वेळ वाट पाहायची, काही परत आलं नाही की आलेच असं समजायचं. पेन्शनसाठी आखलेल्या या संथ बैलगाडीत एका अनोळखी बाईने माझ्या शिवणयंत्राचे पैसे ठेवले होते.

नानांना हे फार आवडलं. "अगदी आमच्यासारखं," ते म्हणाले. "परत आला नाही म्हणजे वटला. आम्हालाही चांगली बातमी कधी कळवावी लागली नाही." मग त्यांनी परतीची कारणं विचारली. इथे त्यांना क्रमांक आहेत. आर-01, शिल्लक अपुरी. आर-02, खातं बंद. आर-03, असं खातं सापडत नाही. आर-10, ग्राहक म्हणतो मी परवानगी दिलीच नव्हती. नानांनी ते आपल्या डायरीत उतरवून घेतले. "शिल्लक अपुरी पहिल्या नंबरावर," ते समाधानाने म्हणाले. "जगात कुठेही जा, पहिला नंबर त्याचाच."

आर-10 वर मात्र ते अडखळले. सामान्य ग्राहकाला अशी तक्रार करायला साठ दिवसांची मुदत असते, असं मी सांगितलं. "म्हणजे वटला तरी वटला नाही?" त्यांनी विचारलं. क्लिअरिंगच्या टेबलावर बावीस वर्षं काढलेल्या माणसाची श्रद्धा हलताना मी तेव्हा पाहिली.

या काळात विक्रेत्याची अवस्था कशी असते म्हणाल, तर मुलगी बघून गेलेल्या आणि 'कळवतो' म्हणालेल्या पाहुण्यांची वाट पाहणाऱ्या घरासारखी. वस्तू विकली गेली आहे, म्हणून दुसऱ्याला देता येत नाही. पैसे आलेले नाहीत, म्हणून पहिल्याला पाठवता येत नाही. तिच्यावर दहा-पाच डॉलर कमी बोलून हरलेला दुसऱ्या नंबरचा माणूस अजून तिच्या आठवणीत झुरत असतो. पण आठवड्याभरात तो सावरतो आणि दुसरीकडे जमवतो. चेक परत आला तर लिलाव पुन्हा पहिल्यापासून. मोसमी मालाचं तर विचारूच नका. आमच्या ओळखीच्या एक बाई हॅलोवीनचे पोशाख विकत. 26 ऑक्टोबरला एकाने भुताचा पोशाख घेतला आणि ई-चेक पाठवला. तो 1 नोव्हेंबरला वटला. भुतं आदल्या रात्रीच आपापल्या घरी गेली होती.

आणि या सगळ्यात गिऱ्हाइकाला यातलं काही ठाऊक नसतं. आयोवाच्या बाईंचं पहिलं पत्र शनिवारी आलं : यंत्र निघालं का? रविवारी दुसरं : नातीच्या वाढदिवसाला गोधडी पुरी करायची आहे. मंगळवारचं जरा कोरडं होतं : मी पैसे गुरुवारीच दिले आहेत. मी शक्य तितक्या नम्रपणे कळवलं की आपला ई-चेक अजून वाटेत आहे. त्यांचं उत्तर आलं, आणि ते मी नानांना वाचून दाखवलं. त्यांनी लिहिलं होतं की मी आयुष्यात कार्ड घेतलेलं नाही, कर्जाची वस्तू घरात आणत नाही, माझ्या खात्यात पैसे आहेत आणि ते असल्याशिवाय मी बोली लावत नाही.

नाना बराच वेळ गप्प बसले. त्यांनीही कधी कार्ड घेतलेलं नाही. सांगलीचा आमचा फ्रिजसुद्धा तीन वर्षं पैसे साठवून आला होता. "बाई आपल्यातली आहे," ते हळूच म्हणाले. "पाठवून दे."

"नाना, वटलेला नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग डायरीकडे. दोन तत्त्वं त्यांच्या चेहऱ्यावर समोरासमोर उभी होती. शेवटी टेबल जिंकलं. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "गुरुवारपर्यंत थांब. पण पेटी बांधून ठेव."

मला त्या दिवशी या दुखण्याचं मूळ सापडलं. बाईंचं खरं होतं आणि माझंही. मराठीत देणं आणि मिळणं ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, आणि दोघांचे कर्ते दोन बाजूंना बसतात. रोखीत ती एका क्षणी घडतात, त्यामुळे दोन असल्याचं कुणाला जाणवत नाही. नोट माझ्या हातातून सुटते तेव्हाच तुमच्या हातात येते. ई-चेकने या दोन क्रियापदांच्या मध्ये चार कामाचे दिवस, एक शनिवार, एक रविवार आणि एक कामगार दिन घातला. शिवाय कागदी चेक निदान हातात तरी असायचा. उजेडासमोर धरता यायचा, तारीख बघता यायची, कपाटात ठेवून त्याच्या भरवशावर रात्री झोप लागायची. याने कागद घेतला आणि उशीर मात्र तसाच ठेवला.

गुरुवारी, 6 सप्टेंबरला दुपारी मला ऑफिसात फोन आला. नानांनी आयुष्यात पहिल्यांदा माझा संगणक स्वतः उघडला होता. पलीकडून फक्त एक शब्द आला, "वटला." मी जेवणाच्या सुट्टीत घरी आलो. आईने पेटीत त्या पंच्याचा शिवलेला तुकडा घडी करून ठेवला होता, नमुना म्हणून. तासाभरात यंत्र टपालात पडलं.

दहा दिवसांनी, गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, बाईंचा अभिप्राय आला : यंत्र अप्रतिम, टाके सुंदर, पांढऱ्या कापडाबद्दल आभार, फक्त पाठवायला फार उशीर लावला.

मी वैतागलो. नानांनी शांतपणे मोदक संपवला. "तिच्या हिशेबाने बरोबर आहे," ते म्हणाले. "तिने दिले तेव्हापासून ती मोजते. तू मिळाले तेव्हापासून मोजतोस."

आता नाना चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. ती बैलगाडीही पुढे सुधारली. 2016 मध्ये एसीएचवर त्याच दिवशी पैसे पोचवायची सोय सुरू झाली. त्याच वर्षी भारतात यूपीआय आलं. गेल्या दिवाळीत मी सांगलीला नानांबरोबर मंडईत गेलो होतो. मेथीची जुडी घेतली, मी फोन दाखवून पैसे दिले आणि निघालो. नाना हलले नाहीत. भाजीवालीच्या टोपलीशेजारी एक छोटा डबा होता. तो क्षणभराने बोलला, अमुक रुपये प्राप्त झाले. तेव्हा कुठे नानांनी काठी उचलली.

"हा डबा चांगला आहे," चालताना ते म्हणाले. "घेणाऱ्याच्या बाजूने बोलतो."

सगळीकडे असा डबा नसतो. म्हणून एवढंच सांगायचं आहे, पैसे पाठवून झाले की फोन खिशात टाकायच्या आधी समोरच्याला एकदा विचारा, "मिळाले का?"